जुन्याचा माणूस

नवा नगराध्यक्ष खुर्चीवर बसला अन् पयलं फर्मान सोडलं, "जुन्या अध्यक्षाचा एकबी माणूस मले हापिसात नको. यादी करा."

आस्थापनेचा बाबू मी, यादी मलेच करा लागते. दोन नावं झाली, तिसरं निघालं कडूबाचं. अध्यक्षाच्या दाराशी बसणारा शिपाई, तोबी ठेक्यावरचा. यादीत नाव चढलं की घरी. तो चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभा होता.

"भाऊ, हा कोणाचाच नाही," मी नव्या अध्यक्षाले म्हटलं. "खातरी नसंल तं जुन्यालेच विचारू."

मी जुन्या अध्यक्षाले फोन लावला अन् स्पीकर चालू केला. कडूबानं डोळे मिटले. पाच वर्षं त्यानं त्या माणसाची चप्पल उचलली होती. त्याच साहेबाच्या पोरीच्या लग्नात रोहिणखेडले जाऊन तीन दिवस पंगतीत बुंदी वाढली होती. तिकडून 'माहाच माणूस हाय' एवढं आलं की खेळ खतम.

"साहेब, कडूबाले काढून राह्यले. तुमचा माणूस हाय का?"

"कोण कडूबा?"

नवा अध्यक्ष पोट धरून हसला. "राहू द्या याले. हा आपला."

मी कडूबाले डोळा मारला. तो काही हसला नाही. कप ठेवून दाराकडं वळला, तं मांगून अध्यक्षानं हाक मारली.

"अबे, साखर कमी हाय. काय नाव म्हणलं तुहं?"