मापाची वाटी

माशाची शेपटी पुन्हा फुगली. ओव्हनच्या काचेला नाक लावून बसलेल्या अविनाशरावांनी कपाळाला हात लावला. साच्यानं छान कापलेले बारा मासे बघता बघता बारा पुऱ्या झाले होते. सकाळपासूनचा हा तिसरा ट्रे. रेल्वेत तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या दोन पाकिटं लोण्यानं नाकी नऊ आणले होते.

नूपुर चारला पोचणार होती. त्यांची बायको श्यामला गेली त्याला दोन वर्षं झाली, आणि या दोन वर्षांत लेक पुण्याहून एकदाही कोलकात्याला आली नव्हती. आईच्या बिस्किटांशिवायचा नाताळ मला बघवणार नाही, असं ती फोनवर म्हणाली. त्यावर अविनाशराव 'मी करतो ना' असं बोलून बसले. झालं! पोरीनं त्याच दिवशी तिकीट काढलं. आता बिस्किटं फसली तर ती पुढच्या वर्षी यायची नाही, अशी धास्ती त्यांनी घेतली होती. घरात माणूस यावं, म्हणून ते इतके आसुसले होते की पहाटे पाचलाच मैदा चाळून बसले.

तो माशाचा पत्र्याचा साचा श्यामलानं एस्प्लनेडच्या फुटपाथवर घेतला होता, नूपुर पहिलीत असताना. तेव्हापासून दर चोवीस डिसेंबरला गार्डन रीचच्या या क्वार्टरमध्ये बिस्किटांचे मासे व्हायचे. मायलेकी साखरेच्या रंगानं त्यांना खवले काढत बसायच्या. प्रत्येक माशाची कड अशी रेखीव की बघत राहावं. अविनाशरावांच्या ऑफिसच्या डब्यात मात्र नाताळानंतर तुकडे यायचे. बारीक, वाकडे, एका बाजूनं तांबूस. मला नेहमी मोडकंतोडकंच का, म्हणून ते कुरकुरायचे. श्यामला नुसती हसायची.

श्यामलाच्या वहीत कृती होती. लोण्याची दोन पाकिटं, एक अंडं, एक वाटी पिठीसाखर, अडीच वाट्या मैदा. लोण्याचं पाकीट ठरलेलं, त्यात चूक व्हायची सोय नाही. पण वाटी कुठली? बाईसाहेबांनी ते लिहिलंच नव्हतं. लिहितील कशाला, त्यांची वाटी त्यांना ठाऊक! घरात तीन आकारांच्या वाट्या होत्या, आणि तिन्हींनी करून झालं होतं.

बेल वाजली. नूपुर आत आली. ओट्यावरचा ट्रे तिनं बघितला. मग पर्स उघडून तिनं एक स्टीलची वाटी बाहेर काढली. बुडाशी नाव कोरलेलं होतं, श्यामला.

"आई गेली तेव्हा ही मी नेली होती, बाबा. तुम्हाला न विचारता. म्हणून तुमची बिस्किटं होत नाहीयेत."

अविनाशरावांचा जीव भांड्यात पडला. रागवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. दोघांनी त्या वाटीनं मोजून पीठ मळलं, गार केलं, लाटलं, मासे कापले. ट्रे आत गेला. नूपुर ओव्हनसमोर फतकल मारून बसली. बिस्किटं निघायच्या वेळी आई मला नेमकी खाली दुकानात पिटाळायची, असं ती सांगू लागली. रंगीत गोळ्या आण, हे आण, ते आण. त्यामुळे भाजताना बघायचं राहूनच गेलं ते गेलंच.

दहा मिनिटांनी ती काचेकडे सरकली. शेपट्या फुगत होत्या. मासा माशाला चिकटला. अविनाशरावांनी ट्रे बाहेर काढला, तेव्हा त्यात पुन्हा पुऱ्याच होत्या.

नूपुर उठून हात धुवायला लागली. आईचं आईबरोबर गेलं, हे मी मान्य करायला हवं होतं, असं ती नळाकडे तोंड करून म्हणाली. उद्याचं परतीचं विमान मिळतंय का बघते, असंही म्हणाली.

निदान एक तरी मासा व्हावा, म्हणून अविनाशरावांनी साचा उचलला आणि गरम, मऊ बिस्किटावर दाबला. लोण्यातून सुरी जावी तसा तो खाली गेला. आत मासा राहिला, रेखीव कडेचा. बाहेरची कड सुटून ट्रेवर पडली. बारीक, वाकडी, एका बाजूनं तांबूस. त्यांनी ती तोंडात टाकली. ते चावायचे थांबले. हाच तो ऑफिसच्या डब्यातला तुकडा! सोळा वर्षं खाल्लेला.

"नूपुर, जाऊ नकोस," ते भरल्या तोंडानं म्हणाले. "तुझ्या आईचीही बिस्किटं पसरायचीच गं."