चाकांवरचं घर

बदलापूरच्या दीड खोलीत आम्ही नऊ माणसं राहत होतो. नव्या नवरा-बायकोला चार शब्द बोलायला कोपरा नव्हता. म्हणून ह्यांनी कॅम्पातून लष्कराचा जुना ट्रक आणला आणि महिनाभर ठोकठोक करून त्याचं फिरतं घर केलं. रविवारी आम्ही दोघंच बारवी धरणाच्या काठी जाणार होतो.

रोज अंथरुणावर पडलं की हे माझ्या कानात कुजबुजायचे, "ट्रक थांबला की आधी चाकांना दगड लावायचे. भांडी दोरीनं बांधायची. हंड्यात पळसाची पानं टाकायची, म्हणजे पाणी डचमळत नाही." बाकीचे नवरे काय कुजबुजतात कोण जाणे!

रविवारी सकाळी मी नटूनथटून, हंडा घेऊन बाहेर आले, तर ट्रक गच्च भरलेला! दीर, नणंदा, आत्याबाई, मधोमध माई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि स्टिअरिंगवर खुद्द सासरे.

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "माई, आम्ही कुठं बसायचं?"

"तुम्ही कशाला येताय? घर राखायला कुणी नको?" माईंनी माझ्या हातातला हंडा वर ओढून घेतला. "पळसाची पानं टाकलीस ना गं?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

ट्रक धुरळा उडवत निघाला. वळणावरून माई ओरडल्या, "दिवेलागणीशिवाय येत नाही आम्ही! आतून कडी घाला!"