ज्याचं त्याचं चंदन

बागेत कुऱ्हाडीचा घाव पडला आणि तापानं फणफणलेल्या आईसाहेब दचकून उठल्या.

उन्हाळी महालाच्या त्या बागेत राजघराण्यातल्या प्रत्येकाच्या नावाचं एकेक चंदन होतं. सुनेचं लग्नात लावायचं, मुलाचं बारशाला. माणूस गेलं, की त्याच्या चितेला त्याच्याच झाडाची लाकडं. एरवी त्या बागेत कुऱ्हाडीला मज्जाव होता.

"सगुणा, मी अजून जिवंत आहे गं! एवढी कसली घाई झालीय त्यांना?"

उशाशी बसलेली सगुणा दासी पदराचा बोळा तोंडात धरून जमिनीकडे बघत राहिली.

भिंत धरत धरत आईसाहेब कशाबशा खिडकीशी पोचल्या. त्यांचं झाड जागच्या जागी उभं होतं. जीव भांड्यात पडला. स्वतःच्या भित्रेपणाचं त्यांना हसूही आलं.

तेवढ्यात दुसरा घाव बसला. थरथरलं ते शेजारचं झाड. बाळराजांच्या बारशाला त्यांनी स्वतःच्या हातांनी लावलेलं.

"सगुणा..." वळून बघायचा त्यांना धीर होईना. "बाळराजे शिकारीहून कधी येणार गं?"

"आणताहेत, आईसाहेब."