एक हात आणि एक बोट

टाकीतलं पाणी गुडगुडत उतरलं. झोपलेल्या घरात तेवढाच काय तो आवाज. ब्लांका अनवाणीच काचेच्या व्हरांड्यात आली. सॅलडची रोपं बसवलेला पांढरा तराफा तिनं एका कोपऱ्यातून उचलला, आत बॅटरीचा उजेड पाडला आणि मासे मोजले. पाच. पुन्हा मोजले. पाचच.

काल संध्याकाळी एक मासा कुशीवर तरंगत होता, दाण्याला तोंड लावत नव्हता. तिनं ते पाहिलं होतं. सासऱ्यांनीही पाहिलं होतं. आणि दोघं आपले थंडी यंदा लवकर पडली यावर बोलत राहिले होते. आता तो मासा पाण्यात नव्हता, फरशीवरही नव्हता. खिडकीत मांजर मिश्या चाटत बसलं होतं.

"मेल्या, तुला आजचाच दिवस मिळाला?"

आज तिसावा दिवस होता.

सासऱ्यांची, म्हणजे ओताकारबाबांची, चाळीस वर्षं कार्प माशांच्या तळ्यांवर गेली होती. सासूबाई गेल्यावर वसंतात ते इकडे राहायला आले, नातीच्या खोलीत. आले ते स्टेशनवर गाडीची वाट पाहणाऱ्या माणसासारखे. बॅगसुद्धा कपाटात ठेवली नाही. "नुसती एक खुर्ची अडवून बसलोय मी," म्हणायचे. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती. ती हवी की नको, ते आज नऊ वाजता फोन करून कळवायचं होतं.

ब्लांकाचं सॅलड तेव्हा मातीशिवाय, नळ्यांमधून, बाटलीतल्या खताच्या पाण्यावर वाढायचं. बाबा एक पान चावायचे आणि तोंड वाकडं करायचे.

"बाटलीवरचं पोर आहे हे. याची आई कुठाय?"

"मग तुम्हीच आणा ना याला आई," एकदा ती चिडून म्हणाली.

तिथून सगळं सुरू झालं. बाटल्या तळघरात गेल्या. मोठं पिंप आलं, भाजक्या मातीच्या गोळ्या आल्या, छोटा पंप आला. तळ्यावर माशांची पिल्लं वाढवणाऱ्या लुबोशकडून बाबांनी बोटाएवढे सहा कार्प आणले. मासे खायचे, पाणी घाण करायचे. ते पाणी गोळ्यांतून, मुळांतून फिरायचं. घाणीतलं सत्त्व रोपं घ्यायची आणि निवळ पाणी पुन्हा माशांकडे यायचं. पहिले दोन आठवडे पानं पिवळी पडत गेली. ब्लांका तळघराची किल्ली शोधू लागली, तर बाबा म्हणाले, "थांब गं. गोळ्यांना अजून काम शिकायचंय." तिसऱ्या आठवड्यात पानं गर्द हिरवी झाली. बाबा दाढी करताना शीळ घालू लागले.

पण मासे सोडले त्याच दिवशी त्यांनी स्वतःच अट घातली होती. "हे सहाच्या सहा महिनाभर जगले तर मी अजून कामाचा. राहीन इथेच. एक जरी गेला तर हात गेला समजायचं. मग मी तिकडे जाणार, आणि तू रडायचं नाहीस." तिचा नवरा रादिम हसला होता. ब्लांकाला हसू आलं नाही. बाबा शब्द फिरवत नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

बाबांचे बूट दाराशी नव्हते. रोजच्यासारखे रोहलिक, ते लांबट पाव, आणायला बेकरीत गेले असणार. रादिम आणि पोर झोपेत होती. तिनं गाउनवरच कोट चढवला, मुरंब्याची रिकामी बरणी घेतली आणि सायकल काढली.

"लुबोशकाका, एक द्या. बोटाएवढा. आणि आमच्या बाबांना कळता कामा नये, शप्पथ!"

लुबोशनं तिच्याकडे पाहिलं, टोपी डोळ्यांवर ओढली आणि खांदे गदगदेपर्यंत हसला.

"हसायला काय झालं?"

"काही नाही पोरी. तळ्यावरची माणसं तोंड उघडत नाहीत, एवढंच."

घरी येऊन तिनं तराफा जेमतेम उचलला आणि बरणी पाण्यात रिकामी केली. कोटाची बाही कोपरापर्यंत भिजली. तेवढ्यात फाटक करकरलं. एका हातात रोहलिकांची पिशवी आणि दुसऱ्या हातात दुधाची जुनी किटली घेऊन बाबा आत आले.

"दूध पण आणलंत?"

"अं? नाही, संपलं होतं त्यांचं. तू कॉफी ठेव. योहांकाला उठव. जा, जा, उभी काय राहिलीस!"

पाच वर्षांची योहांका डोळे चोळत आली आणि टाकीजवळच्या स्टुलावर चढली. बाबांनी तिच्या मुठीत दाणे दिले. त्यांचा आवाज कोरडा पडला होता.

"मोज, राणी. आज महिना झाला."

ब्लांकानं कपबशी घट्ट धरली. दाणे पडले तसे मासे तराफ्याखालून सळसळत बाहेर आले. योहांकाचा पाचापुढच्या आकड्यांवर भरवसा नव्हता. तिनं एक पंजा उघडला. मग दुसऱ्या हाताचं एक बोट उभं केलं. बाबांनी श्वास सोडला. ब्लांकानंही सोडला.

मग योहांकानं आणखी एक बोट उभं केलं.

दाराजवळ दुधाची किटली होती. तिच्या काठावरून पाणी ठिबकत होतं. बाबांच्या स्वेटरची बाही कोपरापर्यंत ओली होती. आणि बाबा ब्लांकाच्या बाहीकडे बघत होते. त्यांच्या मिशीचं टोक थरथरत होतं.

"आई," दोन्ही हात तसेच वर धरून योहांकानं विचारलं, "काल एक हात आणि एक बोट होतं ना? मग हे दुसरं बोट कुठून आलं?"