दारातली राखण

म्हाळसाबाईच्या सुषमाला शिरूरला पहिली मुलगी झाली, त्या सालची गोष्ट. लेकीचं बाळंतपण काढून सव्वा महिन्यानं म्हाळसा खुटबावला परतली. पिशवी घरात टाकली आणि तशीच शेजारी अकिलाच्या अंगणात आली. अकिलाचा मुलगा शाकीर गेल्याला महिना झाला होता, पण म्हाळसाला ते काल कळलं. बाळंतिणीच्या घरात अशी बातमी कोणी सांगत नाही.

फाटकाशीच तिनं पदर तोंडाशी धरला आणि गळा काढायला श्वास घेतला. पायरीवर बसलेली अकिला झटक्यात उठली, धावत आली आणि तिनं म्हाळसाच्या तोंडावर हात दाबला.

"रडू नको. आवाज करू नको म्हाळसाबाई. आत तहमीनाची परीक्षा चालू हाय."

म्हाळसा बघतच राहिली. तहमीना शाकीरची बायको. नवरा गेल्यावरची इद्दत चालू, चार महिने दहा दिवस उंबऱ्याबाहेर जायचं नाही, आणि परीक्षा?

"घरूनच हाय, कॉम्प्युटरवर," अकिला तिच्या कानाशी म्हणाली. "क्यामेऱ्यातनं कुणीतरी बघत बसलंय. दुसरं माणूस दिसलं, न्हाईतर बाहेरचा आवाज आत गेला, की परीक्षा बाद."

तिनं म्हाळसाला हाताला धरून लांब, शेवग्याखाली नेलं. अंगण गप्प होतं. शेळी सकाळीच मळ्यात नेऊन बांधलेली. पाण्याची मोटार बंद. दाराला बाहेरून कडी.

"पण आत्ताच कशापायी?" म्हाळसा कुजबुजली.

"तिनं मागं नोकरीसाठी एक परीक्षा दिली ना, ती समद्या कंपन्यांत चालती. ही एकाच कंपनीची, तिच्याच मशिनींची. हिला दोन पेपर. पहिली परीक्षा असली की ती एका पेपराच्या जागी धरत्यात. पण त्या पहिलीला मुदत असती. परवा संपती. मग समदं पुन्हा पहिल्यापास्नं."

"कागदाला कसली गं मुदत? औषध हाय का ते?"

"मी कुरकुंभच्या कारखान्यात गोळ्यांच्या पाकिटावर तारखाच छापती. तारीख गेली की चांगली गोळीबी फेकून देत्यात. तहमीना न्हाईच म्हणत व्हती. मीच म्हटलं, बस."

म्हाळसानं मान हलवली. "आमच्यातबी तसंच व्हतं. गडी आधी मेंढरं राखाय शिकायचा. मग ज्याच्याकडं राहील त्याची मेंढरं तोंडावरनं वळखाय शिकायचा. आधीचं शिकल्यालं त्याला पुन्हा कुणी शिकवत न्हवतं." जरा थांबून तिनं विचारलं, "आन् ही पास झाली म्हंजी ती पहिली पुसायची?"

"न्हाई. ती कशाला पुसतील? तिच्यावरच पुढचं उभं करत्यात."

म्हाळसा बंद दाराकडं बघत राहिली.

"पोर लई लहान हाय गं अजून."

"ठावं हाय," अकिला म्हणाली. "म्हणून तर बसवली."

मग गल्लीतून भंगारवाल्याची हातगाडी आली. गाडीवर भोंगा: लोखंड, पत्रा, जुनं सामान. अकिला उठायच्या आत म्हाळसा फाटकाबाहेर गेली आणि मेंढरं वळवावीत तसे दोन्ही हात पसरून गाडीपुढं उभी राहिली.

"ए बाबा, बंद कर ते!"

"क्या हुआ मौसी?"

"पोरगी परीक्षेला बसलीय. गप जा. फुडच्या गल्लीत बोंबल."

त्यानं भोंगा बंद केला. चाक कुरकुरतं म्हणून गाडी हळूहळू ढकलत नेली.

म्हाळसा परत येऊन बसली, तेव्हा अकिला दारापुढच्या पायरीकडं बघत होती.

"पहिल्या परीक्षेला तिथं शाकीर बसला व्हता. मला पाणी प्यायलाबी आत जाऊ दिलं न्हाई मेल्यानं."

शब्द तोंडातून गेला आणि अकिला तशीच थांबली.

म्हाळसानं पदराचा बोळा करून दातांत धरला. शाकीर रांगायला लागला तो तिच्याच अंगणात. तिचे खांदे हलायला लागले. अकिलानं तिचे दोन्ही हात घट्ट धरले. ऊन शेवग्याच्या बुंध्यापर्यंत आलं तरी दोघी तशाच बसून होत्या. म्हाळसाच्या गालावरून पाणी वाहत होतं. अकिलाचे डोळे कोरडे होते. आवाज कुणाचाच नव्हता.

आतून दारावर टकटक झाली. अकिलानं जाऊन कडी काढली. तहमीना उंबऱ्याच्या आतच थांबली. तिच्या ओढणीचं टोक मुठीत चुरगळलेलं होतं.

"झाली अम्मी. पास."

अकिलानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

म्हाळसा शेवग्याखालीच उभी होती. तिनं तिथूनच विचारलं, "आता रडू का गं?"

"रड," अकिला म्हणाली.

पण हंबरडा फुटला तो तिचाच. महिन्याभरात पहिल्यांदा.

शाकीर पाशा मुलाणी, वय सत्तावीस. रमजान ईदनंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी पहाटे, शिक्रापूरहून रात्रपाळी करून घरी येताना, ट्रकच्या धडकेत जागीच गेला.