नवऱ्याचं ताट

निरंजन जेवून उठला, तसं सासूबाईंनी त्याचंच ताट केतकीपुढे सरकवलं. गर्भ पडल्यावर ती आजच दवाखान्यातून घरी आली होती.

यकृतातली गाठ काढल्यावर निरंजनच्या अंगात नॅनोकण सोडले होते. भराभर वाढणारी पेशी दिसली की ते तिचा फडशा पाडत. कॅन्सरनं पुन्हा डोकं वर काढलं नव्हतं. “फक्त वर्षभर यांचं उष्टं कुणी खायचं नाही, लाळेतून कण दुसऱ्याच्या अंगात जातात,” डॉक्टरांनी बजावलं होतं.

“नवऱ्याच्या ताटात जेवून कुणी मेलंय का?” सासूबाई तेव्हा फणकारल्या होत्या आणि केतकी मुकाट जेवत राहिली होती. पोटातलं बाळही भराभरच वाढतं, हे तिला काल डॉक्टरांनी सांगितलं.

तिनं ताट दूर सारलं.

“जेव गं,” सासूबाई म्हणाल्या, “आता कशाची भीती?”