पांढऱ्या पडद्यावरचा ठिपका

घरांचे नकाशे काढून काढून डोळे शिणले, म्हणून मोठा मॉनिटर घ्यायला चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर गेले. दुकानदार इळंगोने तपासण्यासाठी एक मॉनिटर लावून पडदा पांढराशुभ्र केला. मधोमध काळा ठिपका होता.

"हा खराब आहे," मी म्हटलं.

"मला तर काही दिसत नाही, अक्का. आधी डोळे दाखवा कुणाला तरी."

त्याने त्याहून मोठा लावला. त्यात ठिपक्याला हातपाय होते.

सगळ्यात मोठ्यात माणूस काचेपर्यंत आला होता, खांदे पाडून, दमून चालत.

"नको. पहिलाच दे."

त्याने पहिला पुन्हा लावला. पडदा आता कोरा होता.

"बघा, काही आहे?" म्हणत इळंगोने माझ्या मागे पाहिलं. "या, बसा ना. फार लांबून आलात वाटतं."